जसवंतीचा हिशेब : शशिकलाच्या खलभूमिकांविषयी

४ एप्रिल २०२१ ला शशिकला गेल्या. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस होते. ज्या बातमीला एरवी पान मिळालं असतं, तिला अर्धा कॉलम मिळाला. हाती लागली तेवढी कात्रणं मी जमवली, वहीत चिकटवली आणि एका रविवारी सगळी एका बैठकीत वाचून काढली. मजकूर निरनिराळ्या हातांचा होता, पण गोष्ट एकच होती. सोलापुरात जन्म, घरची परिस्थिती पालटली, मुंबई, नूरजहाँचा आधार, खलनायिका म्हणून नाव, लागोपाठ दोन फिल्मफेअर; पुढे संसारात पडझड, मदर तेरेसांच्या संस्थेत सेवा, २००७ ची पद्मश्री. यातला एकही तपशील खोटा नाही. तरीही वाचताना मला कीर्तनातल्या आख्यानाची आठवण होत राहिली. पूर्वरंगात पाप, उत्तररंगात पश्चात्ताप. पडद्यावर केलेल्या कागाळ्यांचं प्रायश्चित्त या बाईनं कोलकात्याला जाऊन घेतलं, असा काहीसा सूर.

प्राण गेले २०१३ साली. त्यांचीही कात्रणं माझ्याकडे आहेत. 'उपकार'मधल्या मलंगचाचापासून ते चांगल्या माणसांच्या भूमिका करू लागले, असं सगळेच लिहितात. त्याला भूमिकाबदल म्हणतात. पश्चात्ताप कुणी म्हणत नाही. पुरुषानं खलनायक केला तर तो त्याचा धंदा, बाईनं केला तर तो तिचा स्वभाव, हा भेद आपण इतक्या सहजपणे करतो की लिहिणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. त्याचं कारण घरातलं आहे आणि ते आधी सांगून टाकते.

माझ्या थोरल्या काकूला आमच्या घरात 'शशिकला' म्हणत.

तोंडावर नाही. पण ती स्वयंपाकघरातून बाहेर गेली की कुणीतरी हळूच म्हणायचं, 'गेली बघ शशिकला.' आणि हसायचं. माझी आई तिची धाकटी जाऊ, आई मीनाकुमारी. आम्हा मुलांना त्या नावामागचे चित्रपट माहीत नव्हते, नाव मात्र तोंडात बसलं होतं. काकूचा अपराध काय, तर काका गिरणीत साचेखात्यात होते, पगार झाला की पाकीट न फोडता आजोबांच्या हातात द्यायचे, आणि त्यातून दर महिन्याला पुण्याला शिकणाऱ्या धाकट्या भावाला मनिऑर्डर जायची. तो धाकटा भाऊ म्हणजे माझे वडील. लग्न होऊन दोनतीन वर्षं झाल्यावर काकूनं एकदा सगळ्यांसमोर विचारलं, की वर्षाचे किती गेले याचा हिशेब कुणी लिहून ठेवलाय का. तिचं नाव पडलं ते तेव्हा. १९६४ च्या आसपासची गोष्ट असावी, कारण 'आरती' आणि 'गुमराह' दोन्ही सोलापुरात लागून गेले होते.

मी चित्रपटाचं शिक्षण घेतलेलं नाही. चादरीच्या कारखान्यात कीर्द-खतावणी लिहिण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. जे वाचलं ते हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या कपाटांतून, जे पाहिलं ते आधी टॉकीजमध्ये मॅटिनीला, मग रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर, मग सीडीवर आणि आता फोनवर. त्यामुळे माझी पद्धतही हिशेबनिसाची आहे. शशिकलाचे चित्रपट पुन्हा पाहायला बसले तेव्हा वहीच्या पानावर मी दोन रकाने आखले. एकात तिच्या पात्रानं केलेलं नुकसान, दुसऱ्यात त्या पात्राला हवं काय होतं ते. पहिला रकाना भराभर भरत गेला. दुसऱ्यासाठी प्रत्येक चित्रपट तीनतीनदा पाहावा लागला. या लेखात पुढे तिचा उल्लेख एकेरी येईल. पडद्यावरच्या माणसांशी आपलं नातं तसंच असतं, त्यात अनादर नाही.

४ ऑगस्ट १९३२ हा तिचा जन्मदिवस. आडनाव जवळकर. मार्शल लॉच्या दिवसांना दोन वर्षं झाली होती आणि चार हुतात्म्यांना फाशी होऊन दीड वर्ष. गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणारं शहर, कापडाच्या पेठा, आणि नाटकमंडळ्यांच्या वाटेवरचं गाव. वडिलांचा व्यवसाय चांगला चालत होता. मुलगी पाचसहा वर्षांची असल्यापासून सोलापूर परिसरात रंगमंचावर नाचत-गात होती. मग घर बसलं. ते कसं बसलं याची हकिकत तिनं स्वतः मुलाखतींतून सांगितली आहे. वडील आपल्या मिळकतीतला मोठा भाग इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवत राहिले. भावाचं शिक्षण झालं, नोकरी लागली, आणि तो या घराला विसरला. इकडे वडिलांचं दिवाळं निघालं. मुलीच्या अंगात कला आहे, तिला सिनेमात काम मिळेल, या आशेवर कुटुंब मुंबईला गेलं आणि स्टुडिओंच्या दारात उभं राहिलं.

ही हकिकत मी पूर्वीही वाचली होती. पण दोन रकाने आखल्यानंतर ती वाचली तेव्हा पेन थांबलं. जवळकरांच्या घरात मनिऑर्डरींचा हिशेब मागणारी एखादी बाई असती तर? तिला घरच्यांनी काय म्हटलं असतं ते मला नक्की ठाऊक आहे. आणि तिचं ऐकलं असतं तर हिंदी चित्रपटाला ही अभिनेत्री मिळाली नसती, हेही तितकंच खरं.

मुंबईतली पहिली वर्षं थोडक्यात सांगते, कारण ती सर्वांना माहीत आहेत. नूरजहाँशी गाठ पडली, तिचे पती शौकत हुसेन रिझवी यांनी १९४५ च्या 'झीनत'मधल्या कव्वालीत तिला बसवलं. बायकांची ती कव्वाली त्या काळी गाजली. पाठोपाठ १९४७ चा 'जुगनू'. त्याच वर्षी फाळणी झाली, नूरजहाँ आणि रिझवी पाकिस्तानात गेले, आणि पंधरा वर्षांची मुलगी पुन्हा दारोदार. १९५३ साल तिला बरं गेलं. शांतारामबापूंच्या 'तीन बत्ती चार रास्ता'मध्ये ती होती, 'सुरंग'मध्ये होती, आणि शम्मी कपूरच्या पहिल्या 'जीवन ज्योती'तही होती. शांतारामबापूंचं नाव निघालं म्हणून एक आठवण. याच दिग्दर्शकानं १९४६ साली आमच्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर चित्रपट काढला होता. कोटणीसांचं स्मारक सोलापुरात आहे आणि ते असायलाच हवं. शशिकलाच्या नावाची पाटी मात्र मी अजून कुठे पाहिलेली नाही. चीनमध्ये जाऊन जखमींवर उपचार करणारा डॉक्टर गावाला आपला वाटतो, पडद्यावर घर फोडणारी बाई वाटत नाही. असो.

तिच्या खलभूमिकांकडे वळण्यापूर्वी १९५९ चा 'सुजाता' पाहायला हवा. बिमल रॉय यांचा हा चित्रपट आपण नूतनचा म्हणून लक्षात ठेवतो आणि ते रास्त आहे. पण त्याचा तोल सांभाळते ती शशिकलाची रमा. रमा ही उपेनबाबू आणि चारू यांची पोटची मुलगी. सुजाता ही अस्पृश्य आईबापांची अनाथ मुलगी, त्या घरात 'मुलीसारखी' वाढलेली. चारूच्या भूमिकेत सुलोचनाबाई आहेत, म्हणजे त्या बंगाली घरातली आई आणि लेक दोघीही मराठी. रमाला पियानो येतो, शिक्षण मिळालंय, आईची माया अखंड मिळालीय. अधीरचं स्थळ तिच्यासाठी चाललेलं असतं आणि तो मन देतो सुजाताला. कुठल्याही सरधोपट लेखकानं इथे रमाला मत्सरी केलं असतं. मग सगळा दोष रमाच्या स्वभावावर गेला असता आणि जातीचा प्रश्न बाजूला राहिला असता. चित्रपट ते करत नाही, आणि शशिकला ते होऊ देत नाही. तिची रमा मोकळी, बोलघेवडी, थोडी लाडावलेली आहे. सुजाताला ती बहीणच मानते, आणि त्यात आपण काही मोठं करतो आहोत असा भाव कुठेही येत नाही. ज्याला सगळं आयतं मिळालंय त्याचा निरागसपणा कसा असतो, हे तिनं नेमकं दाखवलं आहे. त्या निरागसपणामुळेच शेजारी उभ्या सुजाताचं वंचितपण जास्त टोचतं.

हाच चेहरा, हेच हसू, हीच भरभर बोलण्याची लकब घेऊन ती तीन वर्षांनी 'आरती'त आली. चेहरा तोच होता. बदलली होती ती लिहिलेली भूमिका.

'आरती' (१९६२) ही ताराचंद बडजात्यांच्या राजश्रीची पहिली निर्मिती, दिग्दर्शन फणी मजुमदार यांचं. मीनाकुमारी डॉक्टर आहे. प्रतिष्ठित डॉक्टर प्रकाश (अशोककुमार) तिच्यासाठी थांबलेला असताना ती बेकार दीपकशी (प्रदीपकुमार) लग्न करते आणि त्याच्या एकत्र कुटुंबात येते. तिथे थोरला दीर निरंजन आहे, म्हणजे आपले रमेश देव, हिंदीत पहिल्यांदाच. आणि त्याची बायको जसवंती, म्हणजे शशिकला. जसवंती टोमणे मारते, कान भरते, धाकट्या जावेचं जगणं नकोसं करते आणि अखेरीस घर मोडतं. पहिल्या रकान्यात माझं पान भरलं.

दुसऱ्या रकान्यासाठी मी आवाज बंद करून चित्रपट पाहिला. तेव्हा एक दिसलं. जसवंती जवळजवळ कधीही रिकामी बसलेली नाही, आणि कुणीही तिच्याशी आपण होऊन बोलायला आलेलं नाही. शिकलेली, कमावती, देखणी सून घरात येते आणि घरातली सगळी तोंडं तिच्याकडे वळतात. थोरल्या सुनेनं इतकी वर्षं ओढलेला गाडा कुणाच्या नजरेत राहत नाही. पटकथेनं हे म्हटलेलं नाही; पटकथेला जसवंती वाईट असणं पुरेसं आहे. शशिकलानं मात्र ते तिच्या हालचालींत ठेवलं आहे. बोलायला तोंड उघडण्याआधी ती ऐकणाऱ्याकडे एकदा पाहते, आपलं बोलणं कुणी मनावर घेणार आहे का याचा अंदाज घेते, आणि घेणार नाही हे ठाऊक असल्यासारखी आवाज चढवते. दुष्टपणा करणारी नटी सहसा बोलून झाल्यावर पाहते, घाव बसला का म्हणून. ही आधी पाहते. एवढ्या एका फरकानं जसवंती माझ्या लेखी कजाग बाईची ठरावीक छाप राहिली नाही.

हे सहानुभूतीचं वाचन आहे, असं कुणी म्हणेल. मला जसवंतीला निर्दोष ठरवायचं नाही. तिनं केलेलं नुकसान पहिल्या रकान्यात आहेच, ते मी खोडलेलं नाही. पण एकत्र कुटुंबाच्या चित्रपटांत पैशाचा प्रश्न नेहमी बाईच्या जिभेचा प्रश्न करून मांडला जातो, ही तक्रार मात्र आहे. एक कमावणार, बाकीचे खाणार, हा व्यवहार कुणी ठरवला याबद्दल वडीलधारे गप्प असतात आणि ज्या बाईनं तोंड उघडलं ती घरफोडी ठरते. राजश्रीनं तो साचा पहिल्याच चित्रपटात घडवला आणि सदतीस वर्षांनी 'हम साथ-साथ हैं'मध्येही घर दुभंगतं ते बायकांनी आईचे कान भरल्यामुळे. तिथे ती आई रीमा लागू आहेत.

त्या वर्षीच्या फिल्मफेअरची एक गंमत अभ्यासकांना ठाऊक आहे. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी तीन नामांकनं होती आणि तिन्ही मीनाकुमारीची होती; त्यातलं एक 'आरती'साठी. सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला तिला छळणाऱ्या शशिकलाला. खलभूमिकेचा वेगळा पुरस्कार तेव्हा नव्हता, तो नव्वदच्या दशकात सुरू झाला. 'सहायक' हा शब्द मला इथे आवडतो. मीनाकुमारीचं सोसणं दिसायला समोर कुणीतरी त्रास देणारं लागतं. ते काम नीट झालं नाही तर सोसणारी रडूबाई वाटते.

पुढच्याच वर्षी 'गुमराह'. बी. आर. चोप्रांचा हा चित्रपट सीता, सोनेरी हरिण आणि लक्ष्मणरेषा यांच्या प्रसंगानं सुरू होतो, त्यामुळे काय सांगायचंय याबद्दल शंका राहत नाही. मीनाचं (माला सिन्हा) प्रेम राजेंद्र या चित्रकारावर (सुनील दत्त). थोरली बहीण कमला (निरूपा रॉय) अपघातात जाते, तिच्या दोन मुलांसाठी मीना आपल्या मेहुण्याशी, अशोक या वकिलाशी (अशोककुमार) लग्न करते. राजेंद्र पुन्हा भेटतो, भेटी चालू राहतात. आणि मग लीला येते. आपण राजेंद्रची बायको आहोत असं सांगते आणि गप्प राहण्याची किंमत मागू लागते.

शशिकलाची ही सर्वांत गाजलेली भूमिका, दुसरं फिल्मफेअर तिला यासाठीच मिळालं. लीला धमकी देताना आवाज चढवत नाही. ती मैत्रिणीसारखी येते, ऐसपैस बसते, घर न्याहाळते, गोड बोलते आणि पैसे मागते. समोर माला सिन्हाचा चेहरा पांढरा पडत जातो. मराठी घरातल्या बायकांना हा गोडवा फार ओळखीचा होता, म्हणून तो इतका बोचला असावा. नादिरा किंवा हेलन यांच्या पडद्यावरच्या वाईट बायका क्लबात, बाहेर असायच्या. कुलीन प्रेक्षकाला त्या लांबून पाहता येत. ललिताबाई पवार आणि शशिकला या दोघींनी मात्र वाईटपणा उंबऱ्याच्या आत आणला. सासू येवल्याची, जाऊ सोलापूरची.

पण 'गुमराह'चा शेवट आठवा. लीला ही राजेंद्रची बायको नसतेच. ती असते अशोकची सेक्रेटरी. बायकोवर संशय आलेल्या नवऱ्यानंच तिला हे काम दिलेलं असतं. मीनाला घाबरवायचं, कोंडीत पकडायचं आणि लक्ष्मणरेषेच्या आत परत आणायचं, ही सगळी योजना अशोकची. लीलानं मागितलेला पैसा न् पैसा, दिलेली धमकी न् धमकी, त्याच्या सांगण्यावरून होती. साठ वर्षं आपण लीलाला ब्लॅकमेल करणारी म्हणतो. आमच्या धंद्यात चुकून एकाच्या खात्यावर पडलेली रक्कम दिसली की ती ज्याची त्याच्या नावे फिरवतात. मी पहिला रकाना उघडला आणि लीलाच्या नावापुढचं सगळं खोडून अशोकच्या नावे लिहिलं. तिच्या दुसऱ्या रकान्यात एकच शब्द राहिला: नोकरी.

समीक्षेच्या दृष्टीनं मला इथे महत्त्वाचं वाटतं ते असं. शशिकला या चित्रपटात खलनायिका करत नाही, तर खलनायिका करणारी एक नोकरदार बाई करते. अभिनयाच्या आत अभिनय आहे. शेवट माहीत असताना चित्रपट पाहिला की लीलाचा तो सफाईदार गोडवा वेगळा दिसू लागतो. तो अनुभवी गुन्हेगाराचा नाही, दिलेलं काम चोख करणाऱ्या माणसाचा आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला फसवायचं आणि दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला पटवायचं, ही दुहेरी अट तिनं पाळली आहे. आणि तिच्या सबंध कारकिर्दीचं याहून अचूक चित्र मला कुठे सापडलं नाही. कुणीतरी पुरुष लिहितो, कुणीतरी पुरुष दिग्दर्शन करतो, बायकांना रेषेच्या आत ठेवण्यासाठी एक वाईट बाई लागते, ती उभी करण्याचा मोबदला शशिकलाला मिळतो आणि शिव्याही तिलाच.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी काकूला 'गुमराह' दाखवला. ती आता ब्याऐंशीची आहे, माझ्याच घरी असते. मी लॅपटॉप लावून बसले होते, तर म्हणाली, 'काय बघलालीस गं?' मी शशिकला म्हटलं आणि जीभ चावली. ती काही बोलली नाही, खुर्ची ओढून बसली. तिनं हा चित्रपट कधी पाहिलाच नव्हता. ज्या बाईचं नाव तिला साठ वर्षं चिकटलं होतं, तिला टॉकीजमध्ये बसून पाहायची सवड तिला मिळाली नव्हती. मधेच एकदा लीलाबद्दल 'ग्वाड बोलती की' एवढंच म्हणाली. शेवटी अशोककुमारची सेक्रेटरी वगैरे उलगडा झाला तेव्हा तिनं मला थांबवायला लावलं, मागं न्यायला लावलं, पुन्हा ऐकलं. मग विचारलं, 'म्हणजे त्यानंच ठेवलेली? मग हिला शिव्या कशाला घालतेत लोक?'

त्या रात्री मी तिला मनिऑर्डरींबद्दल विचारलं. वडिलांना नोकरी लागल्यावर ते पैसे कधी परत आले का? 'तुझ्या शाळेची फी पण ह्यांच्याच पगारातनं गेली पहिली तीन वर्षं,' ती म्हणाली. हे मला माहीत नव्हतं. वडील गेले, काका गेले. विचारायला आता कुणी नाही. म्हणजे ज्या पैशाचा हिशेब मागितला म्हणून तिचं नाव पडलं, त्या पैशावर मी लिहायला शिकले, आणि तिच्यामागे हसणाऱ्यांत मीही होते.

पुन्हा मूळ विषयाकडे येते. १९६६ हे वर्ष शशिकलाच्या अभ्यासकानं सोडू नये. त्या वर्षीचे तिचे दोन चित्रपट इथे घेते, दोन्हींत नायक धर्मेंद्र. हृषीकेश मुखर्जींच्या 'अनुपमा'त ती अनिता आहे. वडिलांच्या रागाच्या सावलीत मुकी झालेल्या उमाभोवती (शर्मिला टागोर) अखंड बडबडणारी, हसणारी, मनानं स्वच्छ मुलगी. ओ. पी. रल्हनच्या 'फूल और पत्थर'मध्ये ती रीटा आहे. गुन्हेगारांच्या जगातली, दारूच्या प्याल्यांत वावरणारी, विधवा मीनाकुमारीच्या सात्त्विकतेसमोर उभी केलेली. दोन्ही चित्रपट ओळीनं पाहिले तर एक लक्षात येतं. अनिताच्या बडबडीत आणि रीटाच्या बोलण्यात वेग सारखाच आहे. अनिता बोलते तेव्हा समोरच्याला जागा ठेवते, रीटा ठेवत नाही. एवढ्यावर तिनं एक मुलगी लाडकी केली आणि दुसरी नकोशी. ज्यांना ती 'मुळातच तशी' वाटते, त्यांनी 'अनुपमा' पाहावा.

तिचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. १९६२ च्या 'हरियाली और रास्ता'तल्या रीटाला काही कारण तरी होतं. नवऱ्याचं मन दुसरीकडे आहे हे कळलेल्या बायकोची आग तिथे आहे. पण १९६८ च्या 'नीलकमल'पर्यंत साचा पुरता घट्ट झाला. वहिदा रेहमानची सून, ललिताबाई सासू, शशिकला नणंद चंचल. एकाच घरात दोघी, मग सुनेचं काय होणार ते पहिल्या रिळातच कळतं. चंचल सुनेला का छळते? छळायला नणंद हवी म्हणून. माझा दुसरा रकाना तिथे कोरा राहिला, आणि शशिकलाचं कामही मला तिथे ठोकळेबाज वाटतं. डोळे मोठे करणं, मान उडवणं, वाक्याच्या शेवटी हेल. लेखकानं काहीच दिलं नाही की चांगली नटीही सवयीवर येते. मागणी मात्र याच भूमिकांना होती.

पुढच्या काळातलं तिचं सेवाकार्य, नंतर दूरदर्शन मालिकांतली आणि 'सोनपरी'सारख्या मुलांच्या मालिकेतली कामं यांबद्दल इथे लिहीत नाही. सेवा ही तिची खाजगी निवड होती. तिला जसवंतीच्या किंवा लीलाच्या खात्यावर लिहायचं कारण नाही.

एक चित्रपट मात्र राहिला. १९८० चा 'खूबसूरत', पुन्हा हृषीदाच. दीना पाठक यांच्या करड्या शिस्तीचं घर, सासरे अशोककुमार, आणि थोरली सून शशिकला. 'आरती'त होती तीच जागा, घरातली थोरली सून. पण इथे तिनं कुणाचे कान भरायचे नाहीत. नियमांच्या घरात वर्षानुवर्षं आवाज दाबून वावरलेली, हसू आलं तर आधी सासूच्या खोलीकडे पाहणारी बाई तिनं उभी केली आहे. बोलण्याआधी समोरच्याकडे पाहण्याची ती जुनी लकब इथे पुन्हा दिसते. फरक एवढाच की इथे पाहून झाल्यावर ती बोलत नाही. रेखाच्या धुमाकुळात हे काम झाकलं जातं, कात्रणांतही त्याचा उल्लेख एखाद्या ओळीचा आहे. मला ते तिच्या पहिल्या पाच कामांत धरावंसं वाटतं.

काकूला 'खूबसूरत' अजून दाखवायचा आहे. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. ते झालं की लाव म्हणाली.